मागच्या सीटचं मत

बडनेऱ्याच्या पुलावर अर्ध्या चढात माझ्या जुन्या मोटारसायकलने मान टाकली. चौथ्यावरून तिसऱ्यावर आलो, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, तरी ती जागच्या जागी धापा टाकत राहिली. शेवटी बायको उतरली, भाजीची पिशवी घेतली आणि चालायला लागली. मी पहिल्या गिअरवर तिच्या बाजूने, जवळपास तिच्याच चालीने. पुलाच्या माथ्यावर ती माझ्याआधी पोचली.

"अधिकाले अकोल्याले मी एस.टी.नं जाईन," ती म्हणाली. "तुमी या आपले, जमलं तसे."

हा सगळा माझाच पराक्रम. अधिक महिन्यात सासरी आम्हा दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं असतं. अमरावतीहून अकोला, जुन्या शहरात. माझे साडूही अमरावतीचेच. त्यांनी यंदा नवी गाडी घेतली. तिचा आवाज ऐकला की माझी गाडी मला निवृत्त मास्तरासारखी वाटायला लागायची. मास्तर मीही आहे, निवृत्तीला वेळ आहे, म्हणून जास्तच लागलं. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि मागच्या चाकाचं दातेरी चक्र काढून कमी दात्यांचं बसवून घेतलं. वेग वाढतो म्हणे. वाढलाही. रहाटगावच्या मोकळ्या रस्त्यावर एकट्याने ट्रायल घेतली, तेव्हा मी गाडीच्या टाकीवर प्रेमाने थाप मारली होती.

बावीस वर्षं ही बाई माझ्या मागे बसत आली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या अकोल्याच्या फेरीपासून. आता ती एस.टी.त आणि मी एकटा मूर्तिजापूरला चहाला थांबतोय, हे चित्र काही मला पाहवेना. जेवणाला आठ दिवस होते.

आमचा मिस्त्री मूळचा नांदगाव खंडेश्वरचा. त्याने चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सर, हे चक्र कोनं सुचवलं?"

"मीच आणलं."

"काहून?"

"स्पीड वाढते म्हणून."

"वाढते नं. पन वढाची ताकद जाते. ट्रायल कोन घेतली?"

"मी."

"आन मॅडम?"

अख्ख्या हिशेबात मागे बसणारं माणूस मी धरलंच नव्हतं.

"उद्या मॅडमले घेऊन या," तो म्हणाला. "त्यायच्याबिगर मी हात लावत नाई."

बायकोला हे सांगताना मी बरंच काही गाळलं. ती आली आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली. मिस्त्रीने अदबीने विचारलं, "मॅडम, मागं बसल्यावर काय वाटते?"

"घासल्यावानी आवाज येते मागच्या चाकातून. आन उतरताना पायाले झळ लागते."

"कदीपासून?"

"दिवाळीपासून असन."

मी उडालोच. "मंग मले सांगितलं काहून नाई?"

"तुमी इचारलं कधी? तुमी तं समोर पाहून साडूच्या गाडीशी शर्यत लावून राहिले होते."

मिस्त्रीने चाक उघडलं. मागचा ब्रेक आतून सतत घासत होता. सहा-सात महिने मी ब्रेक लावूनच गाडी पळवत होतो आणि दोष तिच्या वयाला देत होतो! त्याने ब्रेक सोडवला, जुन्या मापाचं चक्र परत बसवलं, कार्बोरेटर धुतला, एअर फिल्टर बदलला. मग आम्हा दोघांना बसवून गल्लीतून तीन चकरा मारायला लावल्या. दर चकरेनंतर तो मला काही विचारायचा नाही, तिला विचारायचा. तिसऱ्या चकरेला ती म्हणाली, "आता बरं आहे." तेव्हा कुठे त्याने पाना खाली ठेवला.

जेवणाच्या दिवशी ती एस.टी.चं नाव न काढता मागे बसली. मीही विषय काढला नाही. पूल तिसऱ्या गिअरवर चढलो. बोरगाव मंजूच्या अलीकडे साडू सूंकन् पुढे गेले, हात हलवत. आम्ही पोचलो तेव्हा ते दारातच उभे.

"या सर! माहा दोनदा चहा झाला. म्हटलं, जीप पाठवा लागते का काय!"

"तुमच्या मागं कोणी दिसलं नाई," मी म्हणालो.

आतून मेहुणी ओरडली, "मी तं कालच एस.टी.नं आली, भाऊजी! त्या गाडीवर मागं बसनं म्हणजे गच्चीच्या कठड्यावर बसनं हाये."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते ताटावर बसेपर्यंतच टिकलं. मी धोंड्याचा घास तोंडात घातला आणि मेहुणी बहिणीला म्हणाली, "ताई, परतताना तूही चाल ना माह्या संगं. खिडकीची जागा धरू, गोष्टी करू."

बायकोने माझ्या ताटात तुपाची धार धरली, पुरेशी झाल्यावर थांबवली, आणि मग म्हणाली,

"नाई वं. मी मागं नसली तं गाडी काय म्हनून राहिली, हे यायले कोन सांगन?"