पास्कल अंकलचा बँड आणि एकच माईक

मी सुधाकर तांबे, चारकोपमध्ये छोटा स्टुडिओ चालवतो. मित्रहो, आज सुधारलेली माझी चूक सांगण्यासाठी लिहीत आहे.

गोराईचे पास्कल अंकल ट्रम्पेट वाजवणे सोडणार होते. त्याआधी लग्नांत वाजवणाऱ्या आपल्या बँडचा आवाज त्यांना नातीसाठी जपून ठेवायचा होता. मी ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन यांच्या तोंडाशी एकेक माईक लावला. सूर स्वच्छ आले, पण बँड एकत्र वाटेना.

अंकल हसले, "अरे, माईक आहेत की थर्मामीटर? मांडवात उभे राहतो तसे राहू दे ना!"

तिघे वादक अर्धवर्तुळात उभे राहिले. मी समोर, सहा फुटांवर, एकच माईक ठेवला. ट्रम्पेट भारी पडताच अंकल आपणहून दोन पावले मागे सरले.

रेकॉर्डिंग ऐकून ते म्हणाले, "झकास! मग सोडू कशाला रे?"

सांगा, मी काय उत्तर द्यावे?

— सुधाकर तांबे, चारकोप, रविवार