थेंब मोजणारा कंपाउंडर

रोह्याच्या कुत्र्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणजे तिकीट न लावलेलं एकपात्री नाटक. टेबलावरच्या प्रत्येक कुत्र्याला तो "शेठ" म्हणतो आणि मालकाला गुंगीच्या दोन पद्धती ऐकवतो.

"एक, दुधासारखं औषध शिरेत एकदम सोडायचं. शेठ डोलवीच्या कंपनीत डबल शिफ्ट करून आल्यासारखे झोपतात. चुळबूळ केली, की आणखी थोडं. दुसरी, तेच औषध सलाईनमधून थेंबाथेंबानं. ही डॉक्टर मॅडमची हौस. थेंब मोजत बसायला आपण काय नळ दुरुस्त करतो काय?"

मागच्या महिन्यात मी माझ्या कुत्र्याची पट्टी बदलायला गेलो, तेव्हा टेबलावर एक म्हातारी, लंगडी कुत्री होती. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हिचं हृदय कमजोर आहे. एकदम दिलं तर श्वास थांबेल."

कंपाउंडरनं स्टूल ओढलं. ऑपरेशन संपेपर्यंत त्याचा अंगठा सलाईनच्या नळीवरच्या, थेंब कमीजास्त करणाऱ्या चाकावर होता आणि ओठ थेंब मोजत होते. नाटक बंद. तिला एकदाही शेठ म्हणाला नाही.

कुत्रीनं डोळे उघडल्यावर मी विचारलं, "तुमची का हो?"

"नाय हो. निडीच्या स्टेशनावरची हाय. उगाच मागं येते," म्हणत त्यानं गळ्यातला टॉवेल काढून तिच्यावर पांघरला. मग तो पुढच्या लॅब्राडॉरच्या मालकाकडे वळला.

"थेंब मोजत बसायला आपण काय नळ दुरुस्त करतो काय?"

अंगठा मात्र अजून हवेत चाक फिरवत होता.