काकांना पुरायचं ठरलं होतं

म्हसा गावच्या जत्रेसाठी सासरी गेलो होतो. अंघोळीचं पाणी तापवायला मी परसातल्या ढिगातली पाच-सहा लाकडं चुलीत सारली आणि बायकोच्या काकांची चिता जाळून बसलो. काका तेव्हा ओट्यावर चहा पीत होते. स्वतःच्या सरणासाठी त्यांनी ती ऐनाची लाकडं दोन उन्हाळे वाळवली होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. सासरी जावयाने विचारायचं नसतं, उपद्रव द्यायचा असतो. काका एवढंच म्हणाले, “मयताची अंगोळ लोक मागनं करतात. तुमी आधीच उरकलीत, जावई.”

मयताला नावं ठेवण्यात अख्ख्या मुरबाड तालुक्यात या माणसाचा हात धरणारा कोणी नव्हता. पंचक्रोशीतलं एकही मयत ते चुकवत नसत आणि एकही त्यांच्या पसंतीला उतरत नसे. तिरडीची गाठ सैल, मडकं धरणारा वेंधळा, सरण म्हणजे कोंबड्यांचं खुराडं! शहापूरच्या एका सोयऱ्याकडे तर खांदेकऱ्यांना थांबवून त्यांनी उंचीप्रमाणे पुन्हा उभं केलं होतं. शेजारच्या बाळारामने भर पावसात बापाला अग्नी दिला, ओली लाकडं नुसती धुमसत राहिली, तर सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, “बाप जाळतोस का शेकतोस रे?” बाळारामने तेव्हापासून बोलणं टाकलं.

माझ्या पराक्रमानंतर उष्टं सरण नको म्हणून काकांनी उरलेली लाकडंही चुलीला दिली आणि जाहीर केलं, आता जाळायचं नाय, शेताच्या कोपऱ्यात पुरायचं. कुंपणापलीकडून बाळारामला इतक्या वर्षांनी कंठ फुटला. “काका, पुरतात ते दात न आलेल्या पोराला!” काकांनी तोंडाचा आ करून बोळकं दाखवलं. “बघ, हाय का एक तरी?”

खड्डाही खणून झाला. आषाढात तो काठोकाठ भरला आणि त्यात खेकडे राहायला आले. मी नवी लाकडं आणून देतो म्हटलं की काका मी नसल्यासारखे माझ्यापलीकडे बघत.

एकदा मात्र बांधावर बसलो असताना खालच्या आवाजात म्हणाले, “आमच्यात मयत झालं का घरटी एक लाकूड येतं. मी कोनाला सोडला नाय, जावई. माझ्याला कोन आनील? पोरीसमोर माझं मढं लाकडाची वाट बघत पडलं तर? खड्ड्याला कोनाचं काय लागत नाय.” काकांना मूलबाळ नव्हतं. पोरगी म्हणजे माझी बायको.

गेल्या श्रावणात काका गेले. पाऊस चार दिवस उघडला नव्हता आणि खड्ड्यात पुरुषभर पाणी होतं. मी ओट्यावर उभा राहून मुरबाडच्या वखारीला फोन लावत होतो, रेंज नव्हती. एवढ्यात युरियाच्या गोणीत गुंडाळलेला एक ओंडका खांद्यावर घेऊन बाळाराम आला. त्याच्यामागे पुढच्या घरचा, मग त्याच्याही पुढच्या घरचा. साऱ्यांची लाकडं माळ्यावरची, पावसाळ्यात चुलीसाठी राखलेली, कोरडी ठणठणीत.

“ओलं आनलं असतं तर उठून बसला असता म्हातारा,” बाळाराम म्हणाला आणि तोंड फिरवून त्याने नाक शिंकरलं.

स्मशानातल्या पत्र्याखाली सरण पहिल्या काडीला पेटलं.

तेरावं उरकून आम्ही परत निघालो. काका उगाच घाबरले होते, असं मी गाडीत म्हणालो. बायको म्हणाली, “पाऊस सरेपर्यंत आता त्या घरांतल्या बायका चुलीत ओली लाकडं फुंकत बसतील हो.”