तात्यांच्या फरश्या आणि माझं लाइव्ह लोकेशन

माणूस स्वतःच्या हातानं स्वतःची किती शोभा करून घेऊ शकतो, हे बघायचं असेल तर मला बघा. बसा, चहा सांगितलाय. तो येईपर्यंत सांगून होईल.

माझे तीन टेम्पो आहेत. कशेळीच्या गोडाऊनमधून माल भरायचा आणि अंबाडी, वाडा, गणेशपुरीच्या दुकानदारांना पोचवायचा, हा आपला धंदा. या धंद्यात माल पोचवणं सोपं, फोन घेणं अवघड. ‘गाडी कुठंय?’ हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा. उत्तरही ठरलेलं, ‘निघालीय, पोचतेच.’ मग गाडी गोडाऊनमधून हललेली का नसेना! त्याला खोटं नका म्हणू हां, आमच्याकडे तो नमस्कार असतो.

आता तात्या. तात्यांचं गणेशपुरीच्या रस्त्याला फरश्यांचं मोठं दुकान. समस्त टेम्पोवाल्यांवर त्यांचा राग, कारण या ‘पोचतेच’पायी त्यांची चांगली चांगली गिऱ्हाइकं तुटली होती. त्यांना वर्षभराचं काम एकाच माणसाला बांधून द्यायचं होतं, पण शब्दाचा पक्का माणूस मिळत नव्हता. मला ते काम पाहिजे होतं. आणि खरं सांगू? कामापेक्षा जास्त मला त्यांची मुलगी पाहिजे होती.

वैशाली अंबाडीला पतपेढीत नोकरीला. आमचं वर्षभर जमलेलं, तात्यांना पत्ता नव्हता. घरी विषय काढू का, असं मी विचारलं की तिचं एकच, ‘आधी तात्यांचा माल वेळेवर पोचव. मग ते तुझं काहीही ऐकतील.’

मग मी आयुष्यातला सगळ्यात हुशार निर्णय घेतला. तिन्ही गाड्यांना मशीन बसवलं. ज्याचा माल, त्याला गाडी कुठं पोचली ते मोबाइलवर नकाशात दिसणार. गाडी दहा मिनिटं थांबली की त्याला मेसेज. अर्धा तास थांबली की ‘गाडी अडचणीत असू शकते’ असा मेसेज मालवाल्याला, वाडा रोडवरच्या गॅरेजवाल्या सलीमभाईंना आणि आमच्या बाबांना. ही सगळी माहिती मी स्वतः बसून, चष्मा पुसून पुसून भरली. कुणी जबरदस्ती केली नव्हती हो!

दुकानात जाऊन तात्यांना दाखवलं. ते बराच वेळ नकाशातलं लाल टिंब बघत राहिले. मग म्हणाले, उद्या एक खेप करून दाखव, गिऱ्हाइकाकडे मिस्त्री येऊन बसणार आहेत, तीनच्या आत माल पाहिजे. वेळेत आलास तर वर्षाचं काम तुझं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला सुट्टी दिली आणि स्वतः गाडी काढली. देवाची कृपा बघा, कशेळीचा पूलसुद्धा मोकळा मिळाला. दीड वाजता मी अंबाडीत! गणेशपुरी तिथून वीस मिनिटांवर. हातात भरपूर वेळ. वैशालीची जेवणाची सुट्टी झालेली. म्हटलं, दहा मिनिटं थांबू, एवढंच विचारू की आज माल उतरवल्यावर तात्यांकडे आपला विषय काढू का. नाक्याच्या पुढं एक रसवंती आहे, तिथं गाडी लावली. मध्येच कुणाचा फोन नको म्हणून मोबाइल सायलेंट करून गाडीतच ठेवला.

एका वाक्याचं काम होतं. पण समोर बसली ना ती, की माझी जीभ भलतीकडेच वळते. मी तिला मशीनची माहिती द्यायला लागलो. उपग्रह वरून कसं बघतो, बॅटरी किती चालते, मेसेज आपोआप कसे जातात. ती गालावर हात ठेवून ऐकत होती. मध्ये एकदा म्हणाली, तू काहीतरी विचारणार होतास ना? मी म्हटलं, हो, अजून एक रस घेणार का?

तिकडं मशीन इमानेइतबारे कामाला लागलं होतं. पहिला मेसेज, दुसरा मेसेज, मग अडचणीचा मेसेज. आमच्या बाबांनी मला सतरा फोन केले. शेवटी घाबरून तात्यांना फोन लावला, आमचा पोरगा गाडीसकट गायब झालाय, काहीतरी करा. आणि मी इकडे तिसरा रस पीत उपग्रहाचं कौतुक सांगतोय.

सगळ्यात आधी आले सलीमभाई, जॅक आणि पान्यांची पेटी घेऊन. मला काही विचारायच्या आधी टेम्पोखाली शिरले. त्यांच्या मागोमाग स्कूटरवर तात्या. वैशाली झटकन उठून उसाच्या मोळ्यांमागं गेली.

मी उभा राहिलो आणि अंगवळणी पडलेलं खोटं बोललो. ब्रेक जाम झाले होते तात्या, निघतोच आता. टेम्पोखालून सलीमभाईंचा शांत आवाज आला, “सेठ, ब्रेक तो मक्खन है.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मोबाइल बघत म्हणाले, “वैशाली, बाहेर ये. मुंग्या चावतील तिकडं.”

आता त्यांना कसं कळलं? हा भाग मी तुम्हाला मघाशी मुद्दाम सांगितला नाही, लाज वाटते म्हणून. आदल्या दिवशी दुकानात तात्यांनी विचारलं होतं, यात माणूस पण दिसतो का रे? संध्याकाळी पोरीची एसटी उशिरा येते, तिची आई दारात उभी असते. मला तर चेवच चढला. म्हटलं, दिसतो म्हणजे काय! वैशाली पतपेढीला सुट्टी म्हणून तिथंच गल्ल्यावर बसलेली. वडिलांसमोर नाही कशी म्हणणार? तिनं मुकाट फोन दिला आणि मी माझ्या हातानं तिचं निळं टिंब तात्यांच्या नकाशात चढवलं. तेव्हा ती माझ्याकडे एकटक बघत होती. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

तर लाल टिंबावर निळं टिंब, पंचावन्न मिनिटं. तात्यांनी ते घरूनच बघितलं होतं.

ते ओरडले नाहीत. बाकड्यावर बसले, सगळ्यांना रस सांगितला. मग वैशालीला विचारलं, “कधीपासून हाय हे?”

“वर्ष झालं, तात्या.”

“आणि हा आज काय म्हनतो?”

“अजून काहीच न्हाय. मशीनचंच सांगतोय.”

तात्या माझ्याकडे वळले. “जे विचारायचं ते आता माझ्यासमोर विचार.”

सलीमभाई पाना हातात धरून ऐकत उभे. मी तिला विचारलं, माझ्याशी लग्न करशील का? ती लगेच हो म्हणाली. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, घरी घेऊन ये आईवडिलांना.

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं की नाही? पण धंदेवाल्याचं रक्त! मी डोळे पुसत पुसत विचारलं, “तात्या, मग वर्षाच्या कामाचं पण पक्कं समजू ना?”

तात्यांनी रसाचा ग्लास खाली ठेवला.

“पोरगी देतो. माल न्हाय देनार. पोरगी तुझ्यासंगं तासभर खोळंबली तरी खुश हाय. माझा मिस्त्री खोळंबला तर गिऱ्हाईक जातं.”

लग्नाला दोन वर्षं झाली. तात्या मला पोटच्या पोरासारखं वागवतात, पंगतीत पहिलं ताट माझं असतं. फरश्या मात्र अजून दुसऱ्याच्या टेम्पोतनं येतात.