रडण्याचे चार शब्द

शाळेसमोरच्या ओट्यावर बसणारी मंडळी म्हणायची, "दुसऱ्या मास्तरच्या वर्गात पोरं मारानं रडतात, बाबूसिंगच्या वर्गात इंग्रजीनं!" यात फारसे खोटे नव्हते. समानार्थी शब्द शिकवायला बाबूसिंग मास्तरांनी रडणेच निवडले होते. मोठ्याने रडणे ते क्राय, आसवे गाळणे ते वीप, हुंदके देणे ते सॉब, हंबरडा फोडणे ते वेल. पोरांकडून ते चारही प्रकार करवून घेत आणि बजावत, "अर्थ सख्खे भाऊ असले, तरी प्रत्येकाची चूल वेगळी. एकाच्या चुलीवर दुसऱ्याची हंडी ठेवू नका."

मुकुटबनच्या पलीकडच्या त्या गावात १९६३ साली इंग्रजी शिकवणारे ते एकटेच होते, आणि तेही कच्च्या नेमणुकीवर. हिवाळ्यात डिप्टी साहेब तपासणीला येणार, पाठ बघणार, आणि पाठ पसंत पडला तर नेमणूक पक्की होणार, असे ठरले होते. तांड्यातून शिकून मास्तर झालेला पहिला माणूस टिकतो की परत बैलांमागे जातो, याकडे तांड्याचे आणि गावाचे सारखेच लक्ष होते.

नेमकी तपासणीच्याच दिवशी त्यांची बहीण जमनी दोन वर्षांनी माहेरी येणार होती. प्रवाशांची मोटार शाळेच्या फाटकासमोरच्या लिंबाखाली थांबे. बाबूसिंगांना सकाळपासून काळजी होती, ती पाठाची कमी आणि याडीची, म्हणजे आईची, जास्त. त्यांच्या समाजात बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. कोण आजारी होते, कुणाला लेकरू झाले, शेत कसे पिकले, सगळी विचारपूस त्या रडण्यातच होते. परक्याला ते प्रेतामागचे रडणे वाटते.

"याडी," घरातून निघताना ते आईला म्हणाले, "आज तिथं रडू नको. जमनीला घरी आण, मग काय ते रड."

लालीबाईने बांगड्या कोपरावर सारल्या. "पोरगी मोटारीतून उतरणार, आणि मी दगडासारखी उभी राहू? तिला वाटेल, माहेर संपलं."

मास्तर सायकल काढून शाळेकडे निघाले.

दुपारी डिप्टी साहेब मागच्या बाकावर येऊन बसले. मास्तरांनी फळ्यावर चार शब्द लिहिले. खडू दोनदा मोडला. पोरे नीट उत्तरे देत होती, पण मास्तरांचा एक कान रस्त्याकडे होता. मोटारीला उशीर होऊ दे, रस्त्यात बंद पडू दे, असे त्यांना वाटत होते. मग आपल्याच बहिणीच्या मोटारीचे वाईट चिंतले म्हणून त्यांना स्वतःची शरमही वाटली.

साहेबांनी विचारले, "अर्थ एकच, तर चार शब्द कशाला? एकानं भागत नाही का?"

मास्तरांनी तोंड उघडले, तोच बाहेर मोटार थांबली आणि लालीबाईचा लांब, चढा सूर उठला. त्यात जमनीचा सूर मिसळला. पोरे खिडकीकडे वळली.

साहेब चटकन उभे राहिले. "कुणीतरी वारलेलं दिसतं. तुमच्यापैकी आहे का, मास्तर? मग जा तुम्ही. पाठ झाला असं धरू."

पाठ झाला असं धरू! नुसते 'हो' म्हणायचे होते. खिडकीतून याडीची पाठ दिसत होती, आणि त्या पाठीवर बहिणीचे दोन्ही हात.

"कोणी वारलं नाही, साहेब," ते म्हणाले. "माझी आई आहे. लेकीला भेटते आहे."

"भेटते आहे?" साहेबांनी फळ्याकडे बोट केले. "मग यातला कुठला शब्द हा?"

फळ्यावरचा एकेक शब्द मास्तरांनी त्या आवाजाला लावून पाहिला. "एकही बसत नाही," ते शेवटी म्हणाले. साहेबांनी टोपी घातली. चेहऱ्यावरून काही कळले नाही. पाठ अर्धाच राहिला.

पुढचे काही आठवडे टपालवाला दिसला की मास्तर सायकलवरून उतरून विचारत. अखेर हुकूम आला, तो आणखी एक वर्ष कच्च्याच नेमणुकीचा. कारण दिलेले नव्हते.

त्या संध्याकाळी ओट्यावरून पुंडलिकरावांनी हाक मारली; वर्गातले सगळे त्यांना पोरांकडून कळले होते. "काहून बा मास्तर, साहेब सोताहून मौत म्हणून राह्यले होते. तू नुसती मान हालवली असती तं पक्का झाला असता ना! एवढं इंग्रजी शिकून काय कामाचं?"

बाबूसिंग थांबले. सायकल भिंतीला टेकवून म्हणाले, "पुंडलिकराव, मी फळ्यावर चुकीचा शब्द लिहत नाही. मंग बहीण घरी आली त्याले मौत कायले म्हणू?"