विनापरवाना प्रत

श्री. वेणीमाधव मंद्रूपकर, वय ६३, राहणार जुळे सोलापूर, निवृत्त अव्वल कारकून. सात भावगीतांचे गायक, संगीतकार व एकमेव नोंदणीकृत हक्कधारक. सदर हक्कांचा भंग झाल्यास दिवाणी व फौजदारी अशा दोन्ही प्रकारची कारवाई करण्यास सक्षम. हा मजकूर त्यांनी स्वतः टाइप करून, चौकट करून बाहेरच्या खोलीत लावला आहे.

हक्कांची हकिकत अशी. तीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कॅसेट कंपनीने ही सात गाणी काढली. सगळे हक्क अर्थात कंपनीचे. पुढे लोक गाणी फुकटात उतरवून घेऊ लागले, कंपनी बुडाली आणि मंद्रूपकरांनी चार वर्षं पत्रं लिहून हक्क परत मिळवले, रीतसर नोंदवले. मग ते चोरांची वाट पाहत बसले. कोणीही आलं नाही.

चोरी होत होती ती मल्लेशची. मल्लेश हा त्याच कॅसेटमधला ढोलकीवाला. कोरसमध्ये त्याचा आवाज फार पुढे येतो म्हणून मंद्रूपकरांनी त्याला माइकपासून लांब, दाराजवळ उभं केलं होतं. आता तो श्रीपूरला असतो. उसाच्या फडात घड्याळ हरवलेल्या बाईचं एक गाणं त्याने मोबाइलवरच रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकलं. करार नाही, नोंदणी नाही. एका हंगामात ते उसाच्या प्रत्येक ट्रॅक्टरवर, रिक्षांत, वरातींत वाजू लागलं. कोण कोणाकडून घेतं, याचा कोणालाच पत्ता नव्हता.

मंद्रूपकरांनी ‘उल्लंघनांची नोंद’ अशी वही घातली. मल्लेशचं गाणं कुठे ऐकलं, किती वाजता, वाहन क्रमांक काय. महिन्याभरात वही भरली, दुसरी आणावी लागली.

“त्याच्या गाण्याची चोरी, तुम्हाला कसला त्रास?” त्यांच्या पत्नी प्रेमलाबाईंनी विचारलं.

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“आणि तुमचं कोणी चोरत नाही, तो कसला प्रश्न?”

तिसऱ्या दिवशी, बाजाराचा दिवस गाठून, ते एसटीने मंद्रूपला गेले. तिथे दाक्षायणीचं मोबाइलचं दुकान आहे. ट्रॅक्टरवाले तिच्याकडून पेनड्राइव्ह भरून नेतात. एकात चारशे गाणी. मंद्रूपकरांनी आपली सात गाणी तिच्यासमोर ठेवली.

“ही त्यात घाला. माझी हरकत नाही.”

दाक्षायणीने पहिलं लावलं. तंबोऱ्याआधी मंद्रूपकरांचा धीरगंभीर आवाज आला : “सावधान. सदर गीताचे सर्व हक्क श्री. वेणीमाधव मंद्रूपकर यांच्याकडे राखीव असून विनापरवाना प्रत काढणे दंडनीय आहे.” सातही गाण्यांआधी तेच होतं.

“काका, हे कापू का? नाहीतर कोण थांबतंय पुढचं ऐकायला?”

“कापायचं नाही. कायद्याने लागतं.”

कायद्याने लागत नाही. पण चौतीस वर्षं ज्यांनी संदर्भ क्रमांकाशिवाय कागद पुढे पाठवला नाही, त्यांना आपलं गाणं चोरीलासुद्धा बिनसूचनेचं पाठवणं जमेना. दाक्षायणीने खांदे उडवले आणि सगळं तसंच भरलं.

पुढे दीड महिना काही झालं नाही. मग एका दुपारी विजापूर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आला आणि त्यावरून मंद्रूपकरांनी स्वतःला ऐकलं. “सावधान... सावधान... दंडनीय आहे, आहे, आहे...” आणि धाडकन मल्लेशची ढोलकी. माळशिरसकडच्या कुणा डीजेने भावगीतं फेकून दिली होती आणि इशारा तेवढा उचलून मल्लेशच्या गाण्याला जोडला होता.

ट्रॅक्टर पंक्चरच्या दुकानाशी थांबला. मंद्रूपकर तरातरा गेले.

“हा आवाज कोणाचा, माहीत आहे?”

ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “आयला, तुमी दंडनीयवाले काका व्हय? म्हणा की एकदा.”

ते म्हणाले. ड्रायव्हरच्या मोबाइलवर रेकॉर्डिंग तेव्हा चालू झालं नव्हतं, म्हणून पुन्हा म्हणाले. वाहन क्रमांक टिपायचा राहिला.

आठवड्याभराने मल्लेशचा फोन आला. तीस वर्षांत पहिलाच.

“दादा, लई वाईट झालं बगा. लोक ढोलकी सुरू झाली की बंद करत्यात आणि तुमचं ते परत लावत्यात. परवा वरातीत नवरदेव म्हणला, गाणं ऱ्हाऊ दे, सावधान लावा. माज्या गाण्यात माजंच कोण ऐकंना.”

“अरेरे,” मंद्रूपकर म्हणाले. बऱ्याच दिवसांत त्यांचा आवाज इतका मोकळा लागला नव्हता.

“तुमच्याकडं कागद हाय. तुमी तक्रार ठोका की. तुमचा आवाज काढला म्हंजे माजं गाणं सुटंल.”

“बघतो. अर्ज, प्रती, साक्षांकन... वेळ लागतो याला.”

“किती?”

“सांगता येत नाही. तू दारापासून जरा पुढे ये, नीट ऐकू येत नाही.”

“मी दारात न्हाय, दादा. घरात बसलोय.”

प्रेमलाबाई आतून म्हणाल्या, अर्ज तर तुम्ही दहा मिनिटांत लिहिता. त्यांनी लिहिलाही, पाच कलमी, सहपत्रांसह, तीन प्रतींत. संबंधित वाहनांची यादीही जोडली.

अद्याप कोणत्याही कार्यालयात तक्रार दाखल झालेली नाही.