आईने भरलेली करुणा

कोपरीतल्या घरी मी ब्रशने जपानी अक्षरं लिहिते. लोक भिंतीवर लावायला 'शांती', 'करुणा' असे शब्द नेतात. ब्रश झपकन ओढला की काळ्या फटकाऱ्यात पांढऱ्या रेघा राहतात. खरी मजा त्यातच असते, त्यांना पुन्हा हात लावायचा नसतो.

परवा 'करुणा' वाळत ठेवून मी अंघोळीला गेले, तर आईने स्केचपेनने सगळ्या रेघा भरून टाकल्या. "अगं, गिऱ्हाईक म्हणेल शाई संपली!"

मी जाम भडकले. त्याच तिरमिरीत नवी 'करुणा' लिहिली, पहिलीपेक्षा झकास. गिऱ्हाईक खूश.

आईने भरलेली 'करुणा'ही फ्रेम केली. लिहिणाऱ्याचा लाल शिक्का असतो, तिथे तिचा अंगठा उमटवला.

"मला सही येते हं," ती फणकारली.

म्हटलं, "रेघा तू भरल्यास, शिक्काही तुझाच."